गिरणीपासून घाटघरपर्यंत : यंत्रांच्या पायऱ्या

दिवाळी सरते, इगतपुरी तालुक्यातील भातखाचरे रिकामी होऊ लागतात आणि घोटीच्या बाजारपेठेत भाताच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि मुंबईहून नाशिककडे जाणारा लोहमार्ग यांच्या सान्निध्यात वसलेले हे गाव भाताच्या गिरण्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. हंगामात सकाळी गिरणी सुरू होताना जो प्रकार घडतो, तो एकदा उभे राहून पाहण्यासारखा असतो. मिस्तरी सारी बटणे एकदम दाबीत नाही. तो प्रथम तूस ओढून नेणारा पंखा लावतो. मग प्रतवारीची चाळणी, मग पॉलिशर, मग न सोललेले भात वेगळे करणारे यंत्र, त्यानंतर शेलर आणि सर्वांत शेवटी भात साफ करणारी चाळणी व तिचा एलेव्हेटर. हे सर्व फिरू लागले म्हणजेच तो भाताच्या हौदाची झडप उघडतो. भात ज्या दिशेने जावयाचे, त्याच्या नेमक्या उलट दिशेने यंत्रे सुरू होतात.

असे का, हे कोणाही जाणत्या हमालास विचारावे. पॉलिशर बंद असताना शेलर चालू केला तर सोललेला तांदूळ पुढे सरकणार नाही. तो साचेल, नळकांडे तुंबेल आणि पट्टा जळेल. गिरणी बंद करताना क्रम उलटतो. आधी झडप बंद करावयाची, मग वाटेतील धान्य पुढे निघून जाईपर्यंत थांबावयाचे आणि पहिल्या यंत्रापासून एकेक यंत्र थांबवीत शेवटी पंखा बंद करावयाचा. या क्रमात चूक झाली तर शंभर किलो भातातून जो सुमारे पासष्ट ते सत्तर किलो तांदूळ हाती यावयाचा, त्यातील मोठा भाग कणीत जातो. आणि तुंबलेले नळकांडे मोकळे करण्यासाठी कोणी हात आत घातला, तर प्रश्न तांदळाचा राहत नाही.

पूर्वी एकाच ऑइल इंजिनवर एक लांब दांडा फिरे आणि त्यावरील पट्ट्यांच्या साहाय्याने सगळी यंत्रे चालत. इंजिन थांबले की सारेच थांबे. क्रमाचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटे. प्रत्येक यंत्रास स्वतंत्र विजेची मोटर आली, काम सुलभ झाले, परंतु क्रम सांभाळण्याची जबाबदारी मिस्तरीच्या डोक्यावर आली. तो आजारी पडला, लग्नाला गेला किंवा नोकरी सोडून गेला, तर त्याच्याबरोबर क्रमही जातो. हा क्रम माणसाच्या स्मरणातून काढून यंत्राच्या स्मरणात कसा घालतात, ही या लेखाची कथावस्तू आहे. अभियांत्रिकीचा गंध नसलेल्या प्रस्तुत लेखकास ती समजू शकली, त्या अर्थी ती वाचकांनाही अवघड जाऊ नये.

नियंत्रकाचा जन्म

कारखान्यातील यंत्रे क्रमाने चालविण्याचे काम दीर्घकाळ रिले नावाच्या विद्युत्-चुंबकीय खटक्यांकडे होते. मोठ्या कारखान्यात असे शेकडो रिले भिंतीएवढ्या कपाटात बसविलेले असत आणि त्यांच्यामधील तारांची जोडणी हाच क्रम असे. उत्पादनाचा नमुना बदलला की तारा उपसून नव्याने जोडाव्या लागत. अमेरिकेतील जनरल मोटर्स या मोटार उत्पादक कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली या कटकटीतून सुटका करणारे साधन मागितले. डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांच्या बेडफोर्ड असोसिएट्स या संस्थेने ते तयार केले. हा त्या संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून त्या यंत्राचे नाव ‘मोडिकॉन ०८४’ असे पडले. प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पी.एल.सी., या नावाने आज कारखान्या-कारखान्यांतून दिसणारी पेटी ती हीच. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत किंवा गोंदे-वाडीवऱ्ह्याच्या पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्या तालुक्यातील तरुणांना हे नाव नवे नाही.

या पेटीचे काम एका ओळीत सांगता येते. ती प्रथम सर्व बटणे, खटके व संवेदक यांची स्थिती वाचते, मग स्मरणात साठविलेली आज्ञावली वरपासून खालपर्यंत तपासते आणि अखेरीस मोटरी, झडपा, दिवे यांना आदेश देते. ही फेरी काही सहस्रांश सेकंदांत पुरी होते आणि लगेच दुसरी सुरू होते. दिवसभर, रात्रभर, न कंटाळता.

पहिल्या आज्ञावल्या रिलेच्या नकाशासारख्याच लिहिल्या जात. दोन उभ्या रेषा आणि त्यांमध्ये आडव्या ओळी, म्हणून तिला शिडी-आकृती म्हणतात. वायरमनला ती ताबडतोब समजे, हा तिचा मोठा गुण. परंतु ‘हे झाल्यावर ते, ते झाल्यावर तिसरे’ असा लांबलचक क्रम शिडीत लिहू गेले की ओळींचे जंगल माजते. कोणत्या क्षणी यंत्र कोठे आहे, हे शेकडो ओळींतून शोधून काढावे लागते. ज्याने लिहिले त्यालाही सहा महिन्यांनी ते कळत नाही, अशी या व्यवसायातील सर्वसामान्य तक्रार आहे.

या अडचणीवर फ्रान्समध्ये तोड निघाली. तेथील विद्यापीठे व उद्योग यांतील तज्ज्ञांच्या एका गटाने १९७५ पासून विचारविनिमय करून १९७७ मध्ये ‘ग्राफसेट’ नावाची आकृती-पद्धती मांडली. तिच्या मुळाशी जर्मन गणिती कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ च्या आपल्या प्रबंधात मांडलेली जाळ्यांची कल्पना होती. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १९८८ साली या आकृतीस मानकाचा दर्जा दिला आणि १९९३ साली नियंत्रकांच्या आज्ञावली-भाषांचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यातही तिला स्थान मिळाले. आपण तिला पायरी-आकृती म्हणू.

फाइलचा दृष्टान्त

पायरी-आकृतीत दोनच मुख्य गोष्टी असतात. एक पायरी आणि दुसरी, एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याची अट. पायरी चौकटीने दाखवितात, अट चौकटींमधील रेषेवर आडव्या दांडीने. पायरीला जोडून त्या पायरीवर करावयाची कृती लिहितात.

शासकीय सेवेतील वाचकांना यासाठी दूरचे उदाहरण नको. फाइल लिपिकाकडे असते, ती पायरी. टिपणी लिहून सही झाली, ही अट. मग ती अव्वल कारकुनाकडे जाते, तेथून नायब तहसीलदारांकडे. फाइल ज्या टेबलावर आहे त्याच टेबलाने तिच्यावर काम करावयाचे. पुढच्या टेबलावरील अधिकाऱ्याने कितीही सह्या केल्या तरी फाइल तेथे पोहोचलेली नसल्याने त्यांचा उपयोग नाही. नेमका हाच पायरी-आकृतीचा पहिला नियम आहे. मागची पायरी चालू असेल आणि अट पुरी झाली असेल, तरच पुढची पायरी चालू होते, आणि त्याच क्षणी मागची बंद होते. शिडीच्या जंगलात ज्या चुका होतात त्यांपैकी निम्म्याअधिक या एका नियमाने टळतात, असे म्हणावयास हरकत नाही.

दृष्टान्त आणखी पुढे नेता येतो. कधी फाइल प्रकरणाच्या स्वरूपानुसार या शाखेकडे किंवा त्या शाखेकडे जाते. आकृतीत ती निवडीची वाट होय, आणि तेथे दोन अटी एकाच वेळी खऱ्या होणार नाहीत याची दक्षता घ्यावी लागते. कधी एकाच वेळी बांधकाम व लेखा या दोन्ही शाखांचे अभिप्राय मागविले जातात आणि दोन्ही आल्याखेरीज प्रकरण पुढे सरकत नाही. ती समांतर वाट होय. समांतर वाटा जेथे पुन्हा एकत्र येतात, तेथे लवकर काम संपविणाऱ्या शाखेला दुसरीची वाट पाहत थांबावे लागते. फरक एवढाच, की चांगल्या आज्ञावलीत प्रत्येक पायरीला वेळेची मर्यादा घातलेली असते. ठरावीक सेकंदांत अट पुरी झाली नाही तर यंत्र स्वस्थ बसत नाही. ते भोंगा वाजविते आणि कोणत्या पायरीवर काय अडले आहे ते दाखविते. टेबलांना अशी सोय अद्याप झालेली नाही.

गिरणीची आकृती

आता घोटीच्या गिरणीकडे परत येऊ आणि मिस्तरीचा क्रम कागदावर उतरवू. पायऱ्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक न देता शून्य, दहा, वीस असे द्यावेत. उद्या मध्ये एखादे दगड काढणारे यंत्र बसविले तर पंधरा क्रमांकाची जागा मोकळी सापडते.

शून्य ही प्रारंभिक पायरी. सारे बंद. पुढे जाण्याची अट : सुरू करण्याचे बटण दाबले गेले आहे, पट्ट्यांवरील सर्व जाळ्या बंद आहेत आणि एकाही मोटरचे अतिभार-संरक्षण उडालेले नाही. दहावी पायरी इशाऱ्याची. या पायरीवर केवळ भोंगा वाजतो आणि दहा सेकंद उलटणे ही पुढची अट. ही पायरी वेळ वाया घालविते असे मालकांना वाटते. तिच्यावाचून गिरणी चालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विसाव्या पायरीवर पंखा, तिसाव्यावर प्रतवारीची चाळणी, असे करीत अखेरच्या पायरीवर हौदाची झडप उघडते.

येथे कृतींचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. भोंगा ही पायरीपुरती कृती आहे. पायरी संपली की ती थांबते. पंखा मात्र विसाव्या पायरीवर सुरू होऊन पुढील सर्व पायऱ्यांवर चालूच राहावयास हवा आणि बंद करण्याच्या क्रमातील शेवटच्या पायरीवर स्वतंत्र आदेशाने थांबावयास हवा. नवशिके लोक हा भेद विसरतात. मग तिसाव्या पायरीवर पाऊल पडताच पंखा बंद पडतो आणि दोष मोटरमध्ये शोधला जातो.

दुसरी गोष्ट अटींची. पंख्याला आदेश दिला एवढ्याने पुढे जाऊ नये. पंखा प्रत्यक्ष फिरतो आहे याची खातरजमा हवी. मोटर फिरत असते, पण पट्टा घसरलेला असतो आणि एलेव्हेटरच्या वाट्या जागच्या जागी असतात, हे गिरणीत नित्याचे आहे. म्हणून एलेव्हेटरच्या खालच्या पुलीवर गती ओळखणारा संवेदक बसवितात आणि अट त्याच्याकडून घेतात. आदेश निघाला म्हणजे अंमलबजावणी झाली असे नव्हे, हे वाचकांना सांगावयास नकोच.

मोठ्या मोटरीची सुरुवात हीदेखील एक लहान पायरी-आकृतीच असते. विहिरीवर दिसणारा स्टार-डेल्टा स्टार्टर आठवावा. प्रथम मोटर स्टार जोडणीत सुरू होते, त्यामुळे सुरुवातीचा प्रवाह थेट डेल्टा जोडणीच्या सुमारे एक-तृतीयांश राहतो. काही सेकंदांनी स्टार सुटतो, क्षणभर थांबा असतो आणि मग डेल्टा लागतो. स्टार व डेल्टा एकाच क्षणी लागले तर थेट शॉर्टसर्किट. म्हणून मधला क्षणभराचा थांबा ही स्वतंत्र पायरी मानावी आणि शिवाय दोन्ही खटके एकमेकांना तारेनेही अडविणारे असावेत. यंत्रे एकेक करून सुरू करण्याचे आणखी एक कारण यातूनच स्पष्ट होते. साऱ्या मोटरी एकदम लागल्या तर रोहित्रावरील ताण वाढून शेजारच्या घरांतील दिवे मंदावतात.

चालू गिरणीत पॉलिशर अचानक बंद पडला तर काय करावयाचे, हेही आकृतीतच ठरते. त्याच्या आधीची सर्व यंत्रे तत्क्षणी थांबली पाहिजेत, म्हणजे माल येणे बंद होईल. त्याच्या पुढची यंत्रे मात्र थोडा वेळ चालू ठेवावी, म्हणजे वाटेतील तांदूळ बाहेर पडेल. ही वाट आकृतीत वेगळ्या पायऱ्यांनी दाखवितात.

ज्या साध्या नियंत्रकांत पायरी-आकृतीची सोय नसते, त्यांत ती शिडीतच उतरविता येते. प्रत्येक पायरीसाठी स्मरणातील एक खूण ठेवावयाची. मागची खूण लागलेली असेल आणि अट खरी असेल तर पुढची खूण लावून मागची पुसावयाची. यात एक खाचखळगा आहे. ओळी वरून खाली तपासल्या जात असल्याने, दोन-तीन अटी आधीच खऱ्या असतील तर एकाच फेरीत यंत्र दोन-तीन पायऱ्या ओलांडून जाते आणि मधल्या पायरीवरील कृती घडतच नाही. म्हणून जाणकार आज्ञावलीकार आधी जुन्या स्थितीवरून सर्व संक्रमणे नोंदवून घेतात, त्यानंतर खुणा बदलतात, आणि मोटरींचे आदेश सर्वांत शेवटी, प्रत्येक मोटरसाठी एकाच ओळीत लिहितात. एकाच मोटरचा आदेश दोन ठिकाणी लिहिला तर शेवटचा तेवढा पाळला जातो. त्यातून उद्भवणारे दोष शोधण्यात दिवसच्या दिवस जातात.

वीज जाते आणि येते

इगतपुरी तालुक्यातील पावसाळा सर्वश्रुत आहे. वादळी पावसात वीज जाणे येथे नवलाचे नाही. गिरणी भरात असताना वीज गेली, तर एलेव्हेटरच्या वाट्या भरलेल्या, पॉलिशर तांदळाने गच्च, अशा अवस्थेत सारे थांबते. अशा वेळी कामगार साहजिकच झाकण उघडून तुंबलेला माल हाताने काढू लागतो. आणि वीज परत येते.

येथे आज्ञावली लिहिणाऱ्याचा निर्णय कोणाच्या तरी बोटांचा निर्णय ठरतो. नियंत्रकाने आपली पायरी स्मरणात जपून ठेवली असेल आणि वीज येताच तेथूनच पुढे चालू लागला, तर त्यास कार्यक्षम म्हणता येणार नाही. वीज परतल्यावर यंत्राने आपण होऊन कधीही सुरू होता कामा नये. त्याने एका वेगळ्या ‘थांबा’ पायरीवर जावे, सर्व आदेश बंद ठेवावे आणि माणसाने जाळ्या बंद करून, पाहणी करून, बटण दाबल्यावरच इशाऱ्याच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी. भरलेली यंत्रे एकेक करून हलक्या हाताने रिकामी करण्यासाठी हस्तचालनाची सोय असावी, तीही बटण दाबून धरले असेपर्यंतच चालणारी.

आणीबाणीचे लाल बटण मात्र केवळ आज्ञावलीवर सोपवू नये. ते तारेने थेट मोटरींचा पुरवठा तोडणारे असावे आणि त्याची तार तुटली तरी यंत्र बंदच पडेल अशी त्याची रचना असावी. दुरुस्तीच्या वेळी मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे आणि किल्ली आत काम करणाऱ्याच्या खिशात असावी. चुकून चालू होऊ शकणारे स्विच सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असावी, ही तरतूद १९४८ सालच्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्येही करण्यात आलेली होती. ज्या गिरणीत पाच-सहाच माणसे राबतात, तेथे कायद्याची वाट कशाला पाहावयाची?

डोंगरापलीकडे

घोटीहून बारी-वारंघुशीच्या रस्त्याने भंडारदऱ्याकडे गेले आणि तेथून पुढे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पोहोचले की घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प लागतो. प्रत्येकी १२५ मेगावॉटचे दोन संच असलेला हा २५० मेगावॉटचा प्रकल्प जपानच्या अर्थसाहाय्याने उभा राहिला आणि २००८ मध्ये कार्यान्वित झाला. वरचे धरण प्रवरेवर, खालचे कोकणाच्या बाजूला शाही नाल्यावर, आणि वीजगृह डोंगराच्या पोटात. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज निर्माण करावयाची. मागणी उतरली की तेच यंत्र उलट फिरवून खालचे पाणी वर चढवावयाचे.

अशा जातीच्या संचाला पाणी उपसण्यासाठी सुरू करणे हा पायऱ्यांच्या क्रमाचा उत्तम नमुना होय. सर्वसाधारणपणे प्रथम थंडाव्याचे पाणी व वंगणतेलाचा दाब तपासला जातो. पाण्याची मुख्य झडप व चक्राभोवतीच्या झडपा बंद आहेत ना, हे पाहिले जाते. मग दाबलेली हवा सोडून चक्राभोवतीचे पाणी खाली ढकलतात, कारण पाण्यात बुडालेले एवढे मोठे चक्र फिरविण्यास प्रचंड शक्ती लागेल. चक्र हवेत फिरू लागते, पुरेसा वेग घेते, त्याची लय वीजजाळ्याच्या लयीशी जुळते आणि ते जाळ्याशी जोडले जाते. त्यानंतर हवा बाहेर सोडतात, पाणी वर येते, दाब तयार होतो, मुख्य झडप उघडते, भोवतालच्या झडपा उघडतात आणि पाणी डोंगर चढू लागते. यातील प्रत्येक टप्प्याला अट आहे, वेळेची मर्यादा आहे आणि अडल्यास सुरक्षितपणे मागे फिरण्याची वाट आहे. भाताची गिरणी आणि हे वीजगृह यांत आकाराचा फरक आहे. आकृतीची भाषा तीच.

गावची योजना आणि आकृतीचा कागद

पंचायत सदस्यांचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो पाणीपुरवठ्यात. जलशुद्धीकरण केंद्रातील वाळूचा गाळणथर काही काळाने उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो. आधी येणारे पाणी बंद, मग थरावरील पाणी ठरावीक पातळीपर्यंत उतरविणे, मग काही मिनिटे हवेचा झोत, मग खालून वर पाण्याचा प्रवाह, मग पहिले गढूळ पाणी वाया घालविणे आणि शेवटी गाळण पूर्ववत सुरू. घाईने क्रम चुकला किंवा प्रवाह एकदम मोठा सोडला, तर वाळूच वाहून जाते आणि गावाला गढूळ पाणी येते. हा क्रम पंप चालविणाऱ्याने हाताने करावा किंवा नियंत्रकाने, आकृती दोहोंना एकच लागते.

आणि ती आकृती बहुधा गावात नसते. योजना हस्तांतरित होते, नियंत्रकाची पेटी भिंतीवर लागते, पण आज्ञावलीची प्रत पुरवठादाराच्या संगणकात राहते आणि कधी कधी तिला परवलीच्या शब्दाचे कुलूप असते. एखादा पातळीचा खटका गंजून अडकला की यंत्र एका पायरीवर उभे राहते. दोष शंभर रुपयांचा असतो. परंतु यंत्र कशाची वाट पाहत आहे हे गावात कोणालाच ठाऊक नसल्याने शहरातून माणूस येईपर्यंत नळ कोरडे राहतात. हे टाळणे खर्चाचे नाही. निविदेच्या अटींतच लिहावे, की काम ताब्यात देताना आज्ञावलीची संपादनयोग्य प्रत, परवलीचा शब्द आणि मराठीतील पायरी-आकृती पंचायतीस दिली जाईल. पेटीच्या दर्शनी भागावर चालू पायरीचा क्रमांक दिसेल. आणि अंतिम देयकापूर्वी पंप चालविणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर प्रत्येक अट मुद्दाम अडवून यंत्र योग्य इशारा देते की नाही, हे तपासले जाईल. शाळेतील विज्ञान शिक्षकांना या तपासणीस अवश्य बोलवावे. आठवी-नववीच्या मुलांना ही आकृती वाचता येते.

आकृती कागदावर काढून पेटीच्या दारास आतून चिकटविण्याची पद्धत आहे. आपल्या भागातील ओलीत असा कागद एक पावसाळाही धड टिकत नाही. तेव्हा ती प्लॅस्टिकच्या पत्र्यावर छापून घ्यावी आणि दुसरी प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी.